उद्याची डिस्क

मी माझ्या थोरल्या नणंदेला पेरूच्या झाडाला टांगलं होतं.

घाबरू नका. वन्सं तेव्हा टाकवे बुद्रुकला आपल्या घरी धडधाकट होत्या, भाकऱ्या थापत होत्या. टांगली ती एक डिस्क. आमच्या मुलाच्या लग्नात वन्संनी उखाणा घेतला होता, तो जिच्यात होता ती. डिस्कला मधोमध भोक असतंच. त्यातून सुतळी ओवली आणि परसातल्या फांदीला गाठ मारली. पोपट आणि बुलबुल पेरू टोचून ठेवायचे, आणि चकाकतं काही हललं की पाखरं येत नाहीत असं शेजारणीने सांगितलं होतं. लोणावळ्याचा पाऊस काय असतो ते मला का माहीत नव्हतं? जन्म गेला इथे. पण शाळेतून निवृत्त व्हायला आलेली, दुसऱ्यांच्या पोरांचे कान पिळून अक्कल शिकवणारी मी, एका बाईचा आवाज ऊनपावसात टांगून घरात येऊन खुशाल चहा प्याले. नातवंडांना सांगते तेव्हा 'आजीचा वेडेपणा' म्हणून सांगते. ती खिदळतात. मीही त्यांच्यात हसून घेते.

पण ज्यांनी ती डिस्क केली त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या लेकी-जावई इथेच आहेत, हे एक कारण. दुसरं असं, की नाव छापून आलेलं त्यांना फार आवडलं असतं, आणि त्यांना जरा चिडवल्याशिवाय मला चैन पडत नाही. गाव त्यांना भाई म्हणायचं, मीही भाईच म्हणते.

भाईंचा धंदा मंडप आणि भांड्यांचा. लोणावळ्यापासून खाली कामशेतपर्यंत कुठेही लग्न, बारसं, वास्तुशांत असो, पातेली, पराती, झारे, जग, सतरंज्या भाईंच्या. निकाहची बिर्याणी त्यांच्या डेगेत शिजायची आणि आमच्याकडचा मसालेभात त्यांच्या पातेल्यात. शाकाहारी भांड्यांच्या बुडाला हिरव्या रंगाचा ठिपका असायचा, आणि तो ठिपका भाई प्रत्येक यजमानिणीला भांडं उलटं करून दाखवायचे. तिने "राहू द्या हो, विश्वास आहे" म्हटलं तरी दाखवायचे. "विश्वास तुमच्याजवळ ठेवा, ठिपका बघा," म्हणायचे. त्यांचं एक वाक्य तर सगळ्या गावाला पाठ होतं: "जेवढं गेलं, तेवढं परत आलं पाहिजे." एका बारशाच्या घरून त्यांचा एक डाव परत आला नाही, तर भाई पुढच्या आठवड्यात त्या घरी जेवायच्या वेळेलाच पोचले. डाव त्यांच्या आमटीतच सापडला. तो धुऊन, पुसून, पिशवीत घालून घेऊन आले, आणि जाताना आमटीला मीठ कमी आहे असं सांगून आले.

तर अशा माणसाच्या हातात त्यांच्या दुबईच्या पुतण्याने कॅमेरा दिला. हाय डेफिनेशन. भाई हा शब्द असा उच्चारायचे की जणू पुतण्या हज करून आला आहे. छातीशी कॅमेरा, गळ्यात पट्ट्याला लावलेल्या दोन जादा बॅटऱ्या, आणि डोक्याला रुमाल. तेव्हापासून भांडी घेणाऱ्याला शूटिंग जवळजवळ सक्तीचंच झालं.

शूटिंगवाले आपल्याकडे काय करतात? हार घालताना घेतात, अक्षता घेतात, मग फुलांच्या बदामात नवरानवरी फिरवतात. भाईंचं तसं नव्हतं. आचारी कपाळाचा घाम पुसतोय, ते. चपलांचा ढीग, त्यात एक पोरगं दुसऱ्याच्या चपला घालून बघतंय, ते. मुलीचा मामा पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी घेऊन शेजाऱ्याकडे बोट दाखवतोय, तेही. आणि यातलं काही म्हणजे काही ते कापायचे नाहीत. शेजारच्यांच्या बारशाला लाइट गेली, तर भाईंनी कॅमेरा बंदच केला नाही. त्या डिस्कमध्ये बराच वेळ नुसतं काळं दिसतं आणि आवाज येतात. "अगं बाळ कुणाच्या मांडीवर आहे?" "माझ्या पायावर कोण उभं आहे?" आणि एक पुरुषी आवाज, शांतपणे, "श्रीखंड आंबलंय, पण बोलू नका." तो आवाज बाळाच्या आत्याच्या नवऱ्याचा होता हे सगळ्यांनी ओळखलं, आणि दोन घरं वर्षभर एकमेकांशी बोलली नाहीत. बाळाची आई तणतणत भाईंकडे गेली. तेवढं काळं काढून टाका म्हणाली. भाई म्हणाले, "ताई, लाइट गेली होती की नव्हती?" गेली होती. "मग?"

डिस्क करायची जागा म्हणजे भांड्यांच्या गोदामाची मागची खोली. चारी बाजूंना पातेल्यांच्या उतरंडी आणि मध्ये कॉम्प्युटर. डिस्क जळत असताना – ते बर्निंगला 'जळणं'च म्हणायचे – खोलीत कुणी पाऊल आपटायचं नाही. पलीकडे भाभींनी मिक्सर लावायचा नाही. भाई कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून बसायचे, तापकऱ्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि नेमकी तेव्हाच लाइट जायची. लोणावळ्याची लाइट! अर्धवट जळलेली डिस्क फुकट. त्या फुकट गेलेल्या डिस्का भाई पाण्याच्या पेल्यांवर झाकण म्हणून भाड्याने द्यायचे. आमच्याकडच्या पंगतीत प्रत्येक पेल्यावर कुणाचं तरी अर्धं लग्न झाकलेलं असायचं.

त्या डिस्कांना डिस्कच म्हणायचं हं. गाव सगळ्यालाच सीडी म्हणायचं आणि भाई चिडायचे. प्रत्येक कार्यक्रमाच्या दोन तऱ्हा करायचे. एक साधी, घरच्या प्लेअरवर चालणारी. तिच्यावर मार्करने लिहिलेलं असायचं 'आज'. दुसरी, कॅमेऱ्याने पाहिलं तसंच्या तसं, हाय डेफिनेशन. तिच्यावर 'उद्या'. उद्याच्या डिस्केत जेमतेम अर्धा तास मावायचा, म्हणून एका लग्नाच्या पुष्कळ व्हायच्या. 'उद्या – हळद', 'उद्या – जेवण', असं. उद्याची डिस्क चालवणारं मशीन तेव्हा आमच्या भागात कुणाकडेच नव्हतं.

"मग द्यायची कशाला?" मी विचारलं होतं.

"बाई, नातवाला अंगरखा शिवताना थोडा मोठा शिवतो ना आपण? पोरगं वाढतं. टीव्ही पण वाढणार."

एका हौशी गृहस्थांनी उद्याची डिस्क आजच्याच प्लेअरमध्ये घातली. प्लेअरने ती गिळली, आणि ना चित्र, ना बटण, ना कप्पा बाहेर. भाई स्क्रूड्रायव्हर घेऊन धावले. डिस्क सहीसलामत बाहेर काढली, प्लेअर मात्र त्यानंतर कधी चालला नाही. भाईंनी चूक कबूल केली असेल असं वाटतं का तुम्हाला? "मशीन मागासलेलं होतं," म्हणाले. आपल्या डिस्कमधून कधी काही गळलं, राहिलं, बिघडलं, असं त्या माणसाने कधीही मान्य केलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

आणि डिस्क नुसती देऊन ते जायचे नाहीत. घरी येऊन, बिस्मिल्ला म्हणून स्वतःच्या हाताने घालायचे, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमच्याबरोबर बसून बघायचे. वाढलेल्या ताटावरून यजमानाने उठून जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. चहासुद्धा पहिलं चित्र दिसल्यावरच.

आता आमच्या घरचं लग्न.

सून पुण्याची, शिकलेल्या घरची. विहीणबाई बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. त्यांच्या बघण्याला मी इतकी घाबरले होते की लग्नाआधी महिनाभर मी घरात शुद्ध बोलण्याचा सराव करत होते. मी, मराठीची शिक्षिका! आणि आमच्या वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. आईमागे यांना त्यांनीच वाढवलेलं. टाकव्याहून ओलं लुगडं अंगावर वाळवत यांना शाळेत सोडायला यायच्या, असं हे सांगतात. वन्संचे यजमान जाऊन खूप वर्षं झाली होती. मला त्या 'मास्तरीणबाई' म्हणायच्या. कौतुकाने की टोमण्याने, ते मला कधी कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

जेवणाआधी बायकांचे उखाणे सुरू झाले. सुनेने नाव घेतलं, तिच्या बहिणींनी घेतलं. आणि खुर्चीवर कडेला बसलेल्या वन्सं उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "म्या बी घेनार."

विधवा बाई नाव घेत नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण घेत नाही. वन्संनी घेतलं.

"इंद्रायणीचा भात शिजला, वास सुटला लांब,
जाताना म्हनलं न्हाईत, 'येतो, जरा थांब';
म्होरं गेलं न सांगता, त्येचा अजून राग,
धोंडिबांचं नाव घेते, पोरा, सुकानं वाग."

हे तेव्हा बाहेर व्याह्यांच्या गाड्या लावून देत होते. त्यांनी ऐकलं नाही. नंतर कुणीतरी सांगितलं तेव्हा म्हणाले, "अक्काने दाजींचं नाव घेतलं? आता ते डिस्कमध्ये बघीन." डोळे असे चमकले होते त्यांचे. आणि मी काय विचार करत होते? ही डिस्क पुण्याला जाणार. विहीणबाई पाहुण्यांना दाखवणार. त्यात आमच्या घरची विधवा बाई, खोचलेल्या पदराने, 'म्होरं' आणि 'सुकानं'. समाजसुधारकांवरचा धडा मी दर वर्षी इतका रंगवून शिकवायचे की मुली रडायच्या. मुलींनी मला त्या दिवशी बघायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी गोदामात गेले. भाई परात कोरडी करत होते.

"भाई, उखाण्यांत वन्संचं आहे ना, ते काढून टाका."

"काढून म्हणजे?"

"कापा."

"बाई, मांडव माझा होता. माझ्या मांडवात बसलेल्या बाईला मीच उठवू?"

"अहो, विधवा बाईने नाव घेतलं. पुण्याची माणसं काय म्हणतील?"

"काय म्हणाली?"

"अजून काही म्हणाली नाहीत."

"मग म्हणू द्या की. ते पण शूट करतो."

हा माणूस वळणार नाही हे कळलं, तेव्हा माझी शिक्षिकेची जीभ पुढे सरसावली. "भाई, मी माझ्यासाठी सांगत नाही. वन्संनीच निरोप दिलाय. भरात बोलून गेल्या, आता त्यांना लाज वाटते आहे."

भाईंचा हात परातीवर थांबला. "त्या स्वतः म्हणाल्या?"

"स्वतः."

"मग गोष्ट वेगळी. ज्याचं ताट, त्यालाच उचलायचा हक्क." परात त्यांनी उतरंडीवर चढवली. तोंड उतरलं होतं. "पण आजच्यातूनच काढतो. उद्याच्याला हात लावणार नाही. उद्या मावशींचं मन बदललं तर?"

मी मनात म्हटलं, उद्याची कोण बघतंय!

डिस्क बघायला वन्सं टाकव्याहून आल्या, त्या दोन शेजारणींना घेऊन. नवं लुगडं नेसून. एरवी आमच्याकडे त्या सतरंजीवर बसायच्या. त्या दिवशी खुर्ची मागितली. "टीवीत म्या खुर्चीवं हाय, मंग हितं खाली कशी बसू?" म्हणाल्या. भाईंनी डिस्क घातली आणि नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत बघायला बसले. हळद झाली, अक्षता झाल्या, उखाणे लागले. सुनेचा झाला. वन्संनी शेजारणीच्या मांडीवर थाप मारली. "आता माजं बग."

सुनेच्या धाकट्या बहिणीचा झाला. आणि एकदम पंगतीतली जिलबी आली.

"ग्येलं का म्होरं? मागं घ्या की वाईच, भाऊ."

भाईंनी मागे घेतलं. धाकटी बहीण, जिलबी.

"परत घ्या."

धाकटी बहीण, जिलबी. वन्सं खुर्चीत पुढे सरकून, टीव्हीत वाकून बघत होत्या, जणू काचेच्या मागे कुठेतरी त्या बसलेल्या असतील. मग हळूच म्हणाल्या, "म्या न्हाईच जनू."

भाईंनी वन्संकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी फुलदाणीकडे बघत होते. प्लास्टिकचीच फुलं होती. इतक्या बारकाईने मी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"मावशी," भाई म्हणाले, "चूक माझी आहे. नेमकी त्याच वेळी मी बॅटरी बदलत होतो."

हे उसळले. "बॅटरी? दोन-दोन बॅटऱ्या गळ्यात घालून मिरवत होता की! सगळ्या लग्नात मला एवढंच बघायचं होतं, भाई. एवढंच! तुम्ही आपली भांडीच द्या लोकांना. हे तुमचं काम नव्हे."

"बरोबर आहे, साहेब," भाई म्हणाले. मान खाली. जो माणूस दुसऱ्याचा प्लेअर मारूनही मागे हटला नाही, तो.

वन्संनीच यांना गप्प केलं. "आसू दे रं. मशीन हाय त्ये. कोन बोलतंय त्येला काय कळतंय? भाऊ, तुमी च्या घ्या."

भाईंनी चहा घेतला नाही. दारात त्यांनी माझ्या हातात उद्याच्या डिस्का ठेवल्या आणि म्हणाले, "बाई, ह्या तुमच्या." बस. त्या वेळी त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, तर मी आजपर्यंत त्यांच्यावर चिडून तरी राहू शकले असते.

गावात गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? वन्संच्या शेजारणींनी कामशेतच्या बाजारात सांगितलं, तिथून वर आली. मग कुठल्याही मांडवात भाई कॅमेरा घेऊन शिरले की कुणीतरी ओरडणारच, "भाई, बॅटरी आहे ना?" पोरं, आचारी, बँडवालेसुद्धा. भाई हात वर करून बॅटऱ्या दाखवायचे. हळूहळू त्यांनी कॅमेरा आणणं सोडलं. तोवर सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते, म्हणून सोडलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालते. कधीकधी ती पटते.

आणि आता ते पेरूचं झाड. सुरुवातीला मी वेडेपणा म्हणाले ना? साफ खोटं. 'उद्या – नावं' असं लिहिलेली ती डिस्क शोकेसमध्ये बाकीच्यांबरोबर ठेवली असती, तर एक दिवस कुणीतरी चालवून बघितलीच असती. फेकून द्यायला हात धजेना. तेव्हा पाखरांचं निमित्त मला फार सोयीचं पडलं. संशय येऊ नये म्हणून बाकीच्या उद्याही तिच्याभोवती टांगल्या. हळद, जेवण, सगळ्या. हे कौतुकाने म्हणाले, "वा, डोकं आहे तुला."

पुढल्या दिवाळीला वन्सं आल्या आणि परसात त्याच झाडाखाली बाजेवर बसल्या. "मास्तरीणबाई, ह्ये काय चकाकतंय?"

"पाखरं येऊ नयेत म्हणून, वन्सं."

"खाल्लं पाखरांनी तर खाऊ द्यावं की. त्यास्नी बी प्वाट हाय." त्यांच्याच डिस्कची तिरीप त्यांच्याच तोंडावर नाचत होती. त्या डोळ्यांवर हात धरून हसत होत्या. मी आत जाऊन उगीच पोहे परतत बसले, करपेपर्यंत.

वन्सं गेल्या त्याला आता थोडेच दिवस झाले. टाकव्यालाच, झोपेत. कुणाला न सांगता, यजमानांचीच रीत. दिवस झाल्यावर हे घरी आले आणि गप्प गप्प राहायला लागले. फोटो होते, ते बघायचे. एका संध्याकाळी म्हणाले, "अगं, मला अक्काचं तोंड आठवतं. आवाज आठवत नाही. किती आठवायला गेलं तरी येत नाही."

मी उठले ती परसात गेले. सुतळी कुजली होती. डिस्क हातात आली ती गोगलगाय फिरून गेल्यासारखी. चकाकी गेलेली, कडेने शेवाळ धरलेलं, आणि 'नावं'मधला फक्त अनुस्वार शिल्लक. पुसली, ओच्यात धरून घरात आणली. नातवाच्या लॅपटॉपला तर डिस्क घालायची फटच नाही. "आजी, असलं आता कुणी वापरत नाही," म्हणाला. म्हणजे भाईंचा उद्या आला, तो डिस्का बरोबर न घेताच आला होता.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून भाईंकडे गेले. धंदा आता जावई बघतो. भाई उपड्या पातेल्यावर उन्हात बसले होते. चष्म्याच्या काचा जाड झालेल्या, डोक्याला रुमाल तोच. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. वन्संनी निरोप दिला नव्हता, मीच खोटं बोलले, आणि डिस्क झाडाला टांगली, आणि आता हे असं म्हणतात.

भाईंनी बसल्या जागी माझ्याकडे मान वर केली. मग म्हणाले, "पाखरं?"

"काय?"

"पाखरं यायची थांबली का?"

"कुठली थांबतात! एक पोपट तर डिस्कवरच बसून पेरू खायचा."

भाई हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. भाभी पाणी घेऊन आल्या. पाणी पिऊन म्हणाले, "तुम्ही फुलदाणीकडे बघत होता ना, तेव्हाच मला कळलं होतं. चला."

मागच्या खोलीत एक भली मोठी डेग होती, भाड्याने न जाणारी. दमाच्या बिर्याणीला लावतात तशी तिच्या झाकणाला कणीक लिंपलेली होती, वाळून दगड झालेली. लोणावळ्याच्या दमटपणात कपडे, पुस्तकं, भिंती सगळ्यांना बुरशी येते. भाईंनी कणीक फोडून झाकण उचललं तर आत कोरडे तांदूळ, आणि तांदळांत मलमलीत गुंडाळलेल्या डिस्का. सगळ्या गावाचे उद्या. प्रत्येक घराचा एक एक जास्तीचा जाळून ठेवलेला. त्यांच्या त्या जाड काचांच्या चष्म्यातून ते वाचायला लागले, आणि शेवटी एक डिस्क वर धरली. "जेवढं गेलं...," म्हणाले, आणि डिस्कवर फुंकर मारली.

उद्याची डिस्क चालवणारं मशीन पुतण्याने केव्हाच पाठवलेलं होतं. टीव्ही मोठा होता. त्यांच्या नियमाप्रमाणे मला समोर बसवलं, स्वतः शेजारी बसले. बिस्मिल्ला.

आणि वन्सं आल्या. इतक्या स्पष्ट, की लुगड्याच्या काठाचा सुटलेला दोरा दिसला, हनुवटीवरचं गोंदण दिसलं. त्यांनी पदर खोचला. "म्या बी घेनार." तो आवाज! मी तोंडावर पदर धरला. इतकी वर्षं तो माझ्या घराबाहेर, चार पावलांवर लोंबकळत होता.

पण त्या आवाजाच्या मागे, कडेला, आणखी कुणीतरी होतं. मी. साध्या डिस्केत असतं तर नुसता धूसर ठिपका दिसला असता. हाय डेफिनेशन! माझी कुंकवाची टिकली दिसत होती, आवळलेले ओठ दिसत होते, आणि माझा हात दिसत होता. मी मागून वन्संचा पदर ओढत होते. खाली बसवायला. एकदा ओढला. दुसऱ्यांदा ओढला. 'त्येचा अजून राग' म्हणता म्हणता वन्संनी मागे न बघताच माझ्या हातावर चापट मारली, आणि यमक चुकू दिलं नाही. माझा चेहरा मात्र, काय सांगू, पायाखाली घाण आल्यावर करतो तसा. आणि माझ्या पलीकडे विहीणबाई, ज्यांच्या भीतीने मी हे सगळं केलं, त्या डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या.

डिस्क संपली. भाईंनी ती काढली, मलमलीत गुंडाळली, माझ्यापुढे धरली. आमचे हे घरी आरामखुर्चीत बसून वाट बघत होते. आता आवाज ऐकतील. ऐकताना बघतीलही. ज्या बहिणीने त्यांना वाढवलं, तिच्या पदराला कुणाचा हात होता ते. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर.

मी डिस्क घेतली नाही. म्हटलं, "भाई, एक ऐका. वन्संचं काही कापू नका. फक्त माझा तो हात आणि तोंड काढता आलं तर बघा. या वेळी खोटा निरोप नाही. मी स्वतः सांगते आहे. तुमचाच नियम आहे ना, ज्याचं ताट त्याला उचलायचा हक्क?"

भाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला आणि डिस्क माझ्या ओच्यात ठेवली.

"राहू द्या, बाई. त्या बारशाला लाइट गेली होती, ते पण मी कापलं नव्हतं."